डिस्कव्हरी: माहितीपटांची वाहिनी उभी कशी राहिली आणि का पालटली

तरंगलांबी (धागाकर्ता)

डिस्कव्हरीचा विषय निघाला की "पूर्वी काय दाखवायचे आणि आता काय दाखवतात" हे वाक्य ठरलेलं असतं. खंत खरी आहे. कारण सांगताना मात्र बहुतेक जण प्रेक्षकांची आवड घसरली एवढं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ही वाहिनी जेव्हा जेव्हा पालटली, तेव्हा आधी पैसा येण्याची वाट पालटली होती आणि कार्यक्रम मागाहून पालटले. क्रमाने मांडतो. केबल, संकलन, डबिंग यांतली माणसं या समूहात आहेत, त्यांनी भर घालावी.

जॉन हेन्ड्रिक्स यांनी १९८२ साली कंपनी काढली. १७ जून १९८५ ला वाहिनी सुरू झाली तेव्हा ती अमेरिकेतल्या १ लाख ५६ हजार घरांत पोचत होती, आणि प्रक्षेपण दिवसाला १२ तास, दुपारी ३ ते पहाटे ३. एवढ्या घरांत काय भागणार? समजा केबलवाल्याने घरटी महिन्याला ५ सेंट दिले, तर महिन्याचे होतात ७,८०० डॉलर. उपग्रहावरच्या ट्रान्सपाँडरचं, म्हणजे संकेत खाली पाठवणाऱ्या यंत्राचं, भाडंही त्यात सुटत नाही. मोठ्या जाहिरातदाराच्या दृष्टीने इतकी घरं म्हणजे काहीच नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे कार्यक्रम म्हणजे इतरांनी आधीच बनवलेले, कपाटात पडून असलेले आणि स्वस्तात मिळणारे माहितीपट. वन्यजीव, विज्ञान, प्रवास, इतिहास. बीबीसी आणि इतर देशांच्या सरकारी दूरचित्रवाणी संस्थांकडे असा साठा भरपूर होता. आपल्याला आठवणारी 'जुनी, शांत डिस्कव्हरी' मुख्यतः या विकत घेतलेल्या साठ्यातून घडली.

वर्षभरात पैसे संपत आले. १९८६ मध्ये टीसीआय, युनायटेड केबल, कॉक्स आणि न्यूहाऊस या चार केबल कंपन्यांनी भांडवल घातलं, आणि माझ्या मते या वाहिनीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण तेच. ज्यांच्या तारेवरून वाहिनी घराघरात जाणार, तेच मालक झाले. मग तारेवर जागा मिळवण्यासाठी वेगळी मनधरणी करायची गरज उरली नाही. त्या काळात केबल कंपन्यांना शहरोशहरी परवाने टिकवायचे होते, ग्राहकांकडून दर वाढवून घ्यायचे होते. "मुलांसाठी ज्ञानाची वाहिनीही देतो" हे सांगायला त्यांना डिस्कव्हरी उपयोगी पडली. पाहणारे थोडे असले तरी चालत होतं, कारण पैसे पाहण्याचे नव्हते, तारेवर असण्याचे होते.

घरटी ठरावीक रक्कम दरमहा येऊ लागली की धाडस करता येतं. १९८७ मध्ये सोव्हिएत दूरचित्रवाणीचं ६६ तासांचं प्रक्षेपण अमेरिकेत दाखवलं गेलं. १९८८ च्या जुलैत शार्क वीक, म्हणजे शार्कवरच्या कार्यक्रमांचा आठवडा, सुरू झाला. १९९१ मध्ये द लर्निंग चॅनल विकत घेतलं, १९९६ मध्ये अ‍ॅनिमल प्लॅनेट आलं. भारतात डिस्कव्हरी आली १९९५ मध्ये.

पुढचा टप्पा बीबीसीबरोबरच्या भागीदारीचा. १९९९ च्या 'वॉकिंग विथ डायनासॉर्स'वर सुमारे २७ मिनिटांच्या ६ भागांसाठी सुमारे ६१ लाख पौंड खर्च झाले, म्हणजे मिनिटाला ३७ हजार पौंडांहून जास्त. मिनिटामागच्या खर्चाचा तो माहितीपटांतला विक्रम म्हणून नोंदला गेला. २००६ च्या 'प्लॅनेट अर्थ'मध्ये बीबीसी, डिस्कव्हरी आणि जपानची एनएचके एकत्र आले. काम पाच वर्षं चाललं, भाग निघाले ११.

आणि त्याच काळात, त्याच वाहिनीवर दुसरी वाट सुरू झाली होती. 'मिथबस्टर्स' जानेवारी २००३, 'डेडलिएस्ट कॅच' एप्रिल २००५, 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' २००६. ती वाट का निवडली ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, हा आधीच लांबला.

---

सहाफुटी डिश

उत्तम धागा. मालक केबलवाले असल्याने जागा मिळाली हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे तारेवरची जागा हाच खरा झगडा होता, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो.

अ‍ॅनालॉग काळात वाहिनी पुण्याच्या हेडएंडला, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्राला, अशी यायची: मोठी जाळीची डिश, तिच्या तोंडाशी सी-बँडचा एलएनबी. उपग्रहाकडून ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झमध्ये येणारा संकेत एलएनबी स्वतःच्या ५१५० मेगाहर्ट्झच्या दोलकातून वजा करतो आणि ९५० ते १४५० मध्ये खाली आणतो. तिथून केबलने आत, आयआरडी म्हणजे डिकोडरमध्ये. पे चॅनल असेल तर त्यात कार्ड. आयआरडीतून चित्र आणि आवाज वेगळे निघतात, ते मॉड्युलेटरमध्ये जातात, मॉड्युलेटर त्यांना ठरलेल्या वारंवारतेवर बसवतो, सगळे मॉड्युलेटर कंबायनरमध्ये एकत्र होतात आणि मग ट्रंक लाइन, म्हणजे शहरभर जाणारी मुख्य तार. प्रत्येक वाहिनीला वेगळा आयआरडी आणि वेगळा मॉड्युलेटर लागायचा. म्हणजे एक वाहिनी वाढवली की रॅकमध्ये दोन डबे वाढले.

मॉड्युलेटर कोणत्या वारंवारतेवर बसवायचा यावर वाहिनीचं नशीब ठरायचं. कोएक्स केबलमध्ये वारंवारता वाढली की गळती वाढते. आरजी-६ जातीच्या केबलच्या १०० मीटरला ५५ मेगाहर्ट्झवर साधारण ५ डेसिबल (संकेताच्या ताकदीतला फरक मोजायचं माप) जातात, ५५० वर १६. म्हणजे हेडएंडला दोन वाहिन्या सारख्याच ताकदीने सोडल्या तरी १०० मीटरवर त्यांच्यात ११ डेसिबलचा फरक पडतो. हा उतार भरून काढायला अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इक्वलायझर असतो. तो लांबीप्रमाणे निवडावा लागतो. घाईत नुसता गेन वाढवला की खालच्या वाहिन्या अति ताकदवान होऊन एकमेकींत मिसळतात, चित्रावर तिरक्या लाटा दिसतात, आणि वरच्या वाहिन्यांवर मुंग्या तशाच राहतात. दर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचा गोंगाटही घालतो. एकसारख्या अ‍ॅम्प्लिफायरांची संख्या दुप्पट झाली की संकेत आणि गोंगाट यांतलं अंतर ३ डेसिबलने घटतं. त्यामुळे लाइनच्या शेवटच्या घरी वरची वाहिनी कायम मुंग्यांचीच.

त्यात जुन्या टीव्ही संचांना हायपरबँड, म्हणजे साधारण ३०० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा, पकडताच यायचा नाही. म्हणून खालच्या पट्ट्यातल्या जागांना भाव होता. मालिका आणि सिनेमाच्या वाहिन्या तिथे बसायला केबल कंपनीला पैसे मोजायच्या. माहितीपटांची वाहिनी बहुधा वर ढकलली जायची. पेठेतल्या वाड्यात गॅलरीतून गॅलरीत ओढलेली तार, मधे चार स्प्लिटर, आणि शेवटच्या खोलीत डिस्कव्हरी! बर्फातलं अस्वल दिसतंय की नुसताच बर्फ, हे कळायचं नाही.

---

पानशेत

सहाफुटी, मग सेट-टॉप बॉक्स आल्यावर हे संपलं का? ३१ मार्च २०१३ ही पुणे आणि पिंपरी-चिंचवडला बॉक्स बसवायची मुदत होती ना?

---

सहाफुटी डिश

हो, ३८ शहरांचा दुसरा टप्पा. मुंबई-दिल्ली पहिल्या टप्प्यात होती.

जागेची टंचाई बरीच संपली. ८ मेगाहर्ट्झच्या जागेत ६४-क्वाम या डिजिटल पद्धतीने, ६.८७५ मेगासिंबल दराने, सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात. चित्र दाबून लहान करायच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीत एक साधी वाहिनी ३ मेगाबिट धरली तरी जिथे पूर्वी एक वाहिनी बसायची तिथे १२ बसतात. एमपेग-४ मध्ये आणखी. दर्जाही सगळ्यांना सारखाच झाला.

दोष मात्र वेगळ्या रूपात आले. अ‍ॅनालॉगमध्ये संकेत कमजोर झाला की मुंग्या वाढायच्या, तरी कार्यक्रम कळायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र चकचकीत आणि मर्यादा ओलांडली की चौकटी, मग काळा पडदा. ठरावीक पाच-दहा वाहिन्याच एकदम तुटत असतील तर त्या सगळ्या एकाच वारंवारतेवर आहेत असं समजा. घरातला जोड तपासा. केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला असतो, नाहीतर मधली तार काळी पडलेली असते. कनेक्टर कापून नवा क्रिंप केला की बहुतेक वेळा काम होतं. स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचं टर्मिनेटर लावा, उघडं ठेवलं तर संकेत परत फिरतो आणि काही वारंवारतांवर खड्डा पडतो.

---

तरंगलांबी

आता उरलेलं.

माहितीपटांचा एकेक सुटा चित्रपट बनवायचा तर प्रत्येक वेळी नवं संशोधन, नवी जागा, नवे परवाने, नवी माणसं. प्रेक्षकाला पुढच्या आठवड्यात परत बोलवायला काहीच धागा नाही. 'डेडलिएस्ट कॅच'मध्ये बेरिंग समुद्रातल्या त्याच खेकडे पकडणाऱ्या बोटी, तेच कप्तान. संशोधनाचा, ग्राफिक्सचा, शीर्षक-संगीताचा खर्च एकदाच, आणि तो अख्ख्या हंगामाच्या भागांवर वाटला जातो. शिवाय कोण किती खेकडे आणणार, कोण जखमी होणार, ही उत्सुकता प्रेक्षकाला परत आणते. 'मिथबस्टर्स'मध्ये तर एकच वर्कशॉप, ठरलेली माणसं, आणि निवेदन थोडं. ती मालिका मी चांगल्या विज्ञान-कार्यक्रमांत धरतो. गृहीतक मांडायचं, छोट्या प्रमाणात तपासायचं, मग पूर्ण आकारात, आणि फसलं तर फसलेलं दाखवायचं. सगळी धारावाहिकं टाकाऊ असं माझं म्हणणं नाही.

तोल गेला तो पुढे. 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'बद्दल २००७ मध्ये प्रश्न उठले, कारण निर्जन प्रदेशात एकटा असल्यासारखा दाखवलेला माणूस काही रात्री मुक्कामाच्या ठिकाणी राहत होता. त्यानंतर भागांच्या सुरुवातीला खुलासा दाखवू लागले. तिथपर्यंत ठीक. २०१३ च्या शार्क वीकमध्ये 'मेगालोडॉन' नावाचा कार्यक्रम आला. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला शार्क अजून जिवंत असावा असं त्यात सुचवलं होतं, शास्त्रज्ञ म्हणून दाखवलेली माणसं नट होती, आणि खुलासा आला तो शेवटी काही क्षण. पाहिला सुमारे ४८ लाख लोकांनी, शार्क वीकचा तोवरचा उच्चांक. अ‍ॅनिमल प्लॅनेटवरचा २०१२ चा जलपऱ्यांचा कार्यक्रम याच जातीचा. माहितीपटाच्या वाहिनीकडे विश्वासाखेरीज दुसरं भांडवल नसतं, आणि ते इथे आकड्यांसाठी खर्च झालं. मला याचा आजही राग येतो. २०१५ मध्ये नवे प्रमुख रिच रॉस यांनी असे कार्यक्रम पुन्हा होणार नाहीत असं जाहीर केलं, हे चांगलं झालं.

---

आकडेमोड

जाहिरातीच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, आपल्याकडचं मोजमाप. बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या देशभरातल्या मीटरच्या घरांची संख्या ५५ हजारांच्या आसपास धरा. माहितीपटाचा एखादा भाग त्यातल्या ०.०२ टक्के घरांनी पाहिला, तर ती होतात ११ घरं. गणपतीत त्यातली तीन घरं कोकणात गेली की आकडा पाव भागाहून जास्त कोसळला! मालिकांच्या वाहिनीला हा धोका नाही, तिथे घरं शेकड्यांनी असतात. माहितीपटांच्या वाहिनीने एका आठवड्याचा आकडा पाहून कार्यक्रम बदलला तर ती निव्वळ यादृच्छिक हेलकाव्याच्या मागे धावते. निदान चार आठवड्यांची सरासरी घ्यावी, आणि विकताना एकेक कार्यक्रम न विकता वेळेचा अख्खा पट्टा विकावा. शहाणे विक्रेते तसंच करतात.

दोन, वर्गणी. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामकाची नवी दररचना लागू झाली. तेव्हा १०० वाहिन्यांपर्यंत नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३.४०, आणि पे चॅनल निवडून घ्यायचं. वाहिनीच्या छापील किमतीतला किमान २० टक्के वाटा केबल किंवा डीटीएच कंपनीचा. समजा वाहिनी ४ रुपयांची, तर मालकाला महिन्याला घरटी जास्तीत जास्त ३.२० रुपये. अमेरिकेत 'तारेवर असण्याचे' पैसे मिळत होते असं धागाकर्त्यांनी लिहिलंय. इथे २०१९ नंतर ते गृहीतच मोडलं. पाहणाऱ्याने नाव घेऊन मागितलं तरच पैसे. म्हणून प्रायोजकाच्या पैशावर बनणारे, सैन्य-रेल्वे-महामार्ग यांवरचे भारतीय कार्यक्रम वाढले. १२ ऑगस्ट २०१९ चा 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'चा पंतप्रधान मोदींबरोबरचा जिम कॉर्बेटमधला भागही याच वर्षातला. वाहिनीचं नाव लोकांच्या तोंडी राहणं आता थेट वसुलीशी जोडलेलं आहे.

---

माँटाज

तरंगलांबी, तुमची मांडणी निम्मी पटते. पैशाच्या वाटेबरोबर घड्याळही धरा. कार्यक्रमाचा साचा घड्याळाने बनवला आहे.

अमेरिकन केबलच्या एका तासात कार्यक्रम साधारण ४३ मिनिटांचा, बाकी जाहिराती. ही ४३ मिनिटं पाच-सहा अंकांत तोडायची. प्रत्येक अंक प्रश्नावर संपवायचा, जाहिरातीआधी "पुढे काय" दाखवायचं, जाहिरातीनंतर मागचं थोडक्यात सांगायचं. दर खेपेला ४० सेकंद धरा, पाच तोडांत तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या पुनरुक्तीत जातो. बीबीसीकडे जाहिराती नसल्याने मूळ भाग ५० ते ६० मिनिटांचा एकसंध असायचा. तोच भाग अमेरिकेत दाखवताना कापावा लागायचा. 'प्लॅनेट अर्थ'च्या तिथल्या आवृत्तीत मूळ निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या जागी सिगर्नी वीव्हर यांचं निवेदन होतं, याची चर्चा खूप झाली. भाग लहान झाले याची तेवढी झाली नाही.

भारतात उलटी पंचाईत. केबल नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरात, त्यातली २ स्वतःच्या प्रसिद्धीची. ४३ मिनिटांच्या भागाला तास भरायला ५ मिनिटं कमी पडतात. त्यातच चित्रांचा वेग. तिकडचं सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं चित्र इथल्या २५ च्या पद्धतीत सरळ पळवलं तर ते सुमारे ४ टक्के जलद धावतं. ४३ मिनिटांचा भाग सव्वाएक्केचाळीसवर येतो आणि आवाजाची पट्टी चढते. ती वेगळी खाली आणावी लागते, विसरलं तर निवेदक पातळ आवाजात बोलल्यासारखा वाटतो. ५९.९४ फील्डचं (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी फ्रेम) चित्र असेल तर हालचालीचा अंदाज घेणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढतात. त्याची फजिती बघायची असेल तर खेकड्यांच्या बोटीवर लाट फुटते ते दृश्य पाहा: तुषारांच्या कडा फाटतात, जाळीचे दोर मधेच दुहेरी दिसतात. हजारो थेंबांपैकी कोणता थेंब कुठे गेला याचा माग यंत्राला लागत नाही.

'प्लॅनेट अर्थ' वेगळं का दिसलं, याचंही कारण यंत्रात आहे. हेलिकॉप्टरच्या नाकाखाली जायरोने स्थिर केलेला कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स. हेलिकॉप्टर खूप दूर, उंच ठेवता येतं, कळप बिथरत नाही. लांडगा कॅरिबूच्या पिल्लामागे धावतो ती पूर्ण शिकार एकाच नजरेत दिसते. त्याआधी जमिनीवरून तुकडे घेऊन संकलनात शिकार 'जुळवावी' लागायची.

---

रीळ

पुण्याची बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. केबल येण्याआधी माहितीपट दूरचित्रवाणीवर नव्हते असा समज आहे. यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला, म्हणजे डिस्कव्हरीच्या दहा महिने आधी. त्याचे कार्यक्रम बनवणाऱ्या सुरुवातीच्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचं माध्यम केंद्र होतं. फिल्म इन्स्टिट्यूटचा टीव्ही विभाग दिल्लीहून लॉ कॉलेज रस्त्यावर १९७४ मध्ये आला, दूरदर्शनची माणसं इथे शिकून गेली. माणसं होती, स्टुडिओ होते, विषय होते. नव्हती ती घरटी पाच सेंटांची सोय. सरकारी अनुदान बनवायला मिळायचं, दाखवायला दुपारची वेळ मिळायची, आणि परत विकण्याची व्यवस्थाच नव्हती. या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

आणखी एक, हक्क. साठ्यातून विकत घेतलेला माहितीपट ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक फेऱ्यांसाठी, ठरावीक देशांसाठी मिळतो. मुदत संपली की तो पुन्हा दाखवता येत नाही. स्वतः पैसे घालून करून घेतला तर जगभर, कायम. डिस्कव्हरीने स्वतःचा माल वाढवला त्यामागे हे गणित होतं, आणि त्याचं फळ २०२० नंतर दिसलं.

---

तरंगलांबी

रीळ, अगदी तेच लिहायला आलो होतो. २३ मार्च २०२० ला भारतात डिस्कव्हरी प्लस सुरू झालं, वर्षाला २९९ रुपयांत. अमेरिकेत ते ४ जानेवारी २०२१ ला आलं. हजारो तासांचा स्वतःचा साठा नसता तर या किमतीत अ‍ॅप चालवणं अशक्य होतं. २०१८ मध्ये स्क्रिप्स नेटवर्क्स घेऊन घरबांधणी आणि स्वयंपाकाच्या वाहिन्या ताब्यात घेतल्या, त्याही याच हिशोबाने: वर्षानुवर्षं शिळा न होणारा, सगळ्या देशांत फिरवता येणारा माल. मग ८ एप्रिल २०२२ ला वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी झाली. जून २०२५ मध्ये त्या कंपनीने केबल वाहिन्या वेगळ्या काढायचं जाहीर केलं, आणि त्या गाठोड्यात डिस्कव्हरीही होती. केबल कंपन्यांच्या पैशावर जगलेली वाहिनी शेवटी केबलबरोबरच वेगळी मोजली जाऊ लागली.

हिस्ट्री चॅनलही याच रस्त्याने गेलं. १९९५ ला सुरू झालं तेव्हा दुसऱ्या महायुद्धाचे माहितीपट, २००७ ला बर्फावरचे ट्रकवाले, २००९ ला गहाणवटीचं दुकान.

माँटाज, घड्याळाचा मुद्दा मान्य, तो माझ्या मांडणीत हवाच होता. पण घड्याळ असं का झालं, तर जाहिरातीमुळे. अ‍ॅपवर तोड नसतात, तरी जुन्या सवयीने बनवलेल्या भागांत "मागे आपण पाहिलं" अजून येतंच. बदललेली वाट कार्यक्रमात दिसायला काही वर्षं जातात.

---

पानशेत

माझा प्रश्न व्यवहाराचा. 'हिस्ट्री टीव्ही१८' हे चॅनल २०११ च्या ऑक्टोबरात मराठीसह सात भाषांत सुरू झालं होतं. मग घरी बॉक्सवर फक्त हिंदी का येते? आणि मराठीत माहितीपट करून दाखवायचा तर नेमकं काय काय लागतं?

---

सहाफुटी डिश

पहिल्याचं उत्तर: उपग्रहावरून चित्र एकच येतं आणि त्याच्याबरोबर अनेक आवाजांचे प्रवाह. प्रत्येक आवाजाचा वेगळा ओळख-क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात. एक आवाज १२८ ते १९२ किलोबिट खातो. दहा भाषा पाठवल्या तर सव्वा ते सुमारे दोन मेगाबिट गेले, तेवढ्यात एमपेग-४ मधली अख्खी साधी वाहिनी बसते. म्हणून हेडएंडला मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेक प्रवाह एकत्र बांधणारं यंत्र, लावताना कित्येक ठिकाणी दोन-तीन भाषाच पुढे सोडतात, बाकीचे पीआयडी गाळतात.

तपासायची रीत: ती वाहिनी लावून रिमोटवरचं 'ऑडिओ' किंवा 'लँग' बटण दाबा. यादीत मराठी असेल तर निवडा, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये पहिली पसंती मराठी करून ठेवा, नाहीतर वाहिनी बदलून आलात की परत हिंदी. काही बॉक्स भाषेचं नाव चुकीचं दाखवतात, म्हणून यादीतला प्रत्येक आवाज लावून ऐका. यादीत एकच आवाज असेल तर तो तुमच्या बॉक्सपर्यंत येतच नाही. मग केबल कंपनीकडे लेखी तक्रार करताना "मराठी येत नाही" असं मोघम लिहू नका. वाहिनीचं नाव, बॉक्सचा क्रमांक, आणि "या वाहिनीचा मराठी ऑडिओ पीआयडी पास करावा" असं लिहा. वाहिनी मुळात मराठी आवाज पाठवत असेल तरच उपयोग, ते आधी डीटीएच असलेल्या शेजाऱ्याकडे ऐकून खात्री करून घ्या.

---

माँटाज

दुसऱ्याचं उत्तर. हक्क मिळाले असं धरून चालू. मागताना नुसती चित्रफीत मागू नका. चार वस्तू मागा: शीर्षकं आणि नावपट्ट्या नसलेलं स्वच्छ चित्र, टाइमकोडसह पूर्ण संहिता, संगीत आणि परिणामांचा वेगळा ट्रॅक म्हणजे एम-अँड-ई, आणि संगीताची क्यू शीट, म्हणजे कोणतं संगीत कुठे वापरलं याची यादी. एम-अँड-ई नसेल तर मूळ निवेदन काढताना लाटा, पक्षी, पावलं सगळं जातं आणि ते परत बनवायला डबिंगहून जास्त खर्च येतो. स्वच्छ चित्र नसेल तर इंग्रजी नावपट्ट्यांवर झाकणपट्टी टाकावी लागते, ती नेहमी वाईट दिसते.

संहिता. इंग्रजी निवेदक मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो. मराठीत विभक्तीमुळे शब्द कमी पण लांब, ११० च्या वर गेलात तर निवेदन पळतं. म्हणून आधी कापायचं, मग लिहायचं. फूट, मैल, फॅरनहाइट हे मीटर, किलोमीटर, सेल्सिअसमध्ये करा, आणि आकडा गोल करताना पडद्यावर मूळ आकडा लिहिलेला नाही ना ते पाहा. प्राण्यांची, वनस्पतींची मराठी नावं जाणकाराकडून तपासून घ्या. बोलीतलं नाव विदर्भात एक आणि कोकणात दुसरं असू शकतं, मग शास्त्रीय नाव एकदा उच्चारलेलं बरं.

मुलाखतींना ओठांशी जुळवलेलं डबिंग करू नका. मूळ आवाज दोन सेकंद पूर्ण ऐकू द्या, मग तो १२ ते १८ डेसिबल खाली नेऊन वर मराठी, आणि शेवटी मूळ आवाजाची एक सेकंद शेपटी सोडा. बोलणाऱ्याचा कंप, दम, हसू त्यातून पोचतं. वाहिनीला द्यायचं असेल तर पूर्ण भागाची सरासरी पातळी त्यांच्या पत्रकाप्रमाणे ठेवा. युरोपीय पद्धतीत उणे २३ एलयूएफएस, अमेरिकन पद्धतीत उणे २४ एलकेएफएस. इथे एक चूक फार होते: निवेदन मोठ्याने मिसळतात, सरासरी जुळवायला मग सगळंच खाली ओढतात, आणि जंगलाचा आवाज ऐकूच येत नाही. निवेदन आणि वातावरण यांतलं अंतर आधी ठरवा, पातळी शेवटी.

---

पानशेत

दोघांचे आभार. बॉक्सवर बटण दाबून पाहिलं: यादीत तीन आवाज आहेत, तिन्हींवर नाव 'हिंदी'च, आणि तिसरा लावला तर मराठी लागतं.

---

सहाफुटी डिश

म्हणजे पीआयडी येतोय, फक्त भाषेचा कोड हेडएंडला चुकीचा भरलाय. तक्रारीत तेवढंच लिहा, "तिसऱ्या ऑडिओचा लँग्वेज डिस्क्रिप्टर 'एमएआर' करावा". मल्टिप्लेक्सरच्या सेटिंगमधलं पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते झालं की त्या हेडएंडवरच्या सगळ्याच घरांना यादीत मराठी नाव दिसेल.